अंशतः खरे आहे

डिसेंबर लागला की सिव्हिल लाइन्सच्या भिंतींना चुना लागतो,
खड्डे बुजतात,
आणि आम्ही प्रतिवेदक मुंबईहून पेट्या घेऊन उतरतो.
माझं माहेर इतवारीचं, म्हणून मला एक शाल पुरते.

सभागृहाच्या मधोमध, खळग्यात, आमचं टेबल.
दहा मिनिटं लिहायचं आणि उठायचं.
पुढची बाई खुर्चीत बसते
तेव्हा वाक्य अजून हवेतच असतं.
बावीस वर्षांत एकही प्रश्न
मी सुरुवातीपासून शेवटापर्यंत ऐकलेला नाही.
काहींचं माझ्याकडे नुसतं तोंड आहे,
काहींचं नुसतं ‘बसून घ्या, बसून घ्या’.

लघुलेखनात स्वर गाळतात.
कागदावर व्यंजनांचा सांगाडा राहतो,
मांस नंतर भरायचं, खोलीत जाऊन.
त-र : तर, तार, तूर, तीर.
संदर्भ बघायचा, पिंपळापुरे सर सांगत,
आणि संदर्भ नसेल तर
बोलणाऱ्याचा चेहरा आठवायचा.

बुधवारी प्रश्न आला
शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बायांचा.
चार महिन्यांचे मानधन थकले आहे, हे खरे आहे काय?
धुरामुळे एकीची दृष्टी गेली, हे खरे आहे काय?
असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली?

मंत्रिमहोदयांनी चष्मा लावला.
(१) अंशतः खरे आहे.
(२) नाही.
(३) प्रश्न उद्भवत नाही.

मग कुणाच्या काळात किती गॅस दिले
ते निघालं. तुमच्या काळात, आमच्या काळात.
त्या बाईचा डोळा
एकदा या बाकावर गेला, एकदा त्या.
मी लिहिलं : (गोंधळ).
ऐंशी घशांना एक शब्द,
तेवढाच काय तो माझा स्वतःचा.

गोंधळ ओसरताना मागच्या बाकावरून मडावी उठले.
एरवी बोलत नाहीत.
म्हणाले, यांना आपण कागदावर मदतनीस म्हणतो.
मदत कुणाला करतात? स्वयंपाक तर त्याच करतात.
आणखी एक वाक्य बोलले.
माझी दहा मिनिटं संपली.

दुपारी टी-पॉइंटला गेले, तर्री-पोहे खायला.
कठड्यापलीकडे मोर्चा बसलेला.
पुठ्ठ्यावर कोळशानं लिहिलेलं :
आम्ही मदतनीस नाही.
हा शब्द आतून बाहेर आला
की सकाळीच बाहेरून आत गेला होता,
कोण सांगेल? पुठ्ठा जुना दिसत होता.
पण कोळसा बोटाला लागत होता.

एकीनं माझ्या गळ्यातलं ओळखपत्र पाहिलं.
कुशीवर्ता निनावे, तिनंच नाव सांगितलं,
न विचारता, जणू मी लिहूनच घेणार.
‘अंदर आमचं बोलून राहिले का बाई?’
बोलले, म्हटलं.
‘मंग? काय म्हने?’
मी म्हटलं, अंशतः खरं आहे, म्हणाले.
ती शेजारणीकडे बघून हसली.
‘अंशतः म्हंजे?
भात शिजला तं शिजला, नाही तं कच्चा.’

तिचं नाव कार्यवाहीत नाही.
तिथे ‘सदर महिला’ आहे, तीही दुसरीच.

रात्री आमदार निवासाच्या मागे कुठेतरी
सावजीचा वास, आणि मी टंकायला बसलेली.
मडावींच्या शेवटच्या वाक्यापाशी अडले.
‘या बाया रोज सकाळी भ-त घेऊन शाळेत येतात.’
भात. की भीती?
संदर्भ म्हणाला भात.
संदर्भ नेहमी भातच म्हणतो.
चेहरा आठवून पाहिला, तर आठवेना.
त्या वेळी मी दाराकडे बघत लिहीत होते,
बदलीची बाई आली का म्हणून.

भात लिहिलं.
सदस्यांना दुरुस्तीसाठी प्रत पाठवतात.
मडावींची तशीच परत आली,
सही करून, तारीख न घालता.