टपालवाट

नोव्हेंबर सरता सरता सायकल गॅरेजातल्या आकड्याला टांगली.
चाक उगाच एकदा फिरवून पाहिलं,
झोपलेल्या मुलाचं पांघरूण सारखं करावं तसं.
हान्याच्या टेकड्यांवर तोवर गुडघाभर बर्फ.
प्रशिक्षक म्हणाला, चार महिने स्की कर,
दम टिकेल, गुडघ्यांना सुट्टी मिळेल.
त्यानं तक्ता दिला. तक्त्यात ठोके होते, रकाने होते,
हेल्यू नव्हती.

हेल्यू मागच्या घरात राहते. वय एकोणऐंशी.
चौतीस हिवाळे तिनं स्कीवरून टपाल वाटलं.
माझ्या चकचकीत स्कीचा तळ नाकाशी नेऊन म्हणाली,
"हे मेण दुकानातलं. आजच्या बर्फाचं नाही."
मग कोटाच्या खिशातून निळी कांडी काढली
आणि अंगठ्याच्या उबेनं ते पसरत राहिली,
काळ्या पावावर शेवटचं लोणी पुरवावं तशी.

पहिल्या दिवशी मी सात वेळा पडले.
दहा वर्षं गोल गोल फिरलेले पाय,
त्यांना सरळ जाणं ठाऊकच नव्हतं.
आणि दंड? सायकलवर ते पाहुण्यासारखे
हँडल धरून नुसते बसून असायचे.
त्या रात्री सूपचा चमचा तोंडापर्यंत येईना.
हेल्यूचा कुत्रा माझ्या काठ्यांवर भुंकत राहिला.

"तू थांबत नाहीस," ती म्हणाली.
"थांबले तर पडेन."
"ते तुझ्या यंत्रावर. इथं पाय मार,
मग गप्प राहा. बर्फ नेतो.
नेऊ दे त्याला."

पाय मार. गप्प.
पाय मार.
ह्या दोहोंच्या मध्ये एक लांब, निसरडी जागा होती,
तिथं माझं काहीच काम नव्हतं.
त्या जागेचीच भीती वाटायची, हे कळायला जानेवारी उजाडला.

उणे सोळाला मनगटावरचं घड्याळ मेलं.
ठोके मी स्वतः मोजू लागले,
दोनशेच्या आसपास विसरले,
आणि पुन्हा सुरुवात केली नाही.

बारा किलोमीटरची वाट. स्प्रूसमधून, गोठलेल्या तळ्यावरून.
हेल्यू पुढं, आणि ठरावीक ठिकाणी थांबणारी.
मला वाटे, म्हातारी दम खाते.
पण तिला धाप लागलेली नसायची.
एकदा नुसत्या खांबाशी.
एकदा सफरचंदाची दोन झाडं आणि एक धुराडं, घर नाही.
एकदा फाटकाशी, ज्याच्या दोन्ही बाजूंना कुंपणच नव्हतं.
ती उजवा हातमोजा काढायची,
हात कमरेशी जायचा, जिथं काही नसायचं,
मग हातमोजा पुन्हा चढायचा.

मी विचारलं नाही.
फेब्रुवारीत एकदा आपणहून बोलली:
"इथं ओस्करची पेन्शन. वाचता येत नव्हतं त्याला,
पण पाकीट स्वतःच फोडायचा."
फाटकाशी म्हणाली,
"इथं कुणाचं काही यायचं नाही.
मी मात्र यायचे. विचारायचे, काही पाठवायचंय का?"
आणि निघाली, पाठ न वळवता,
आणि मी तिच्या दोन रेघांत माझ्या दोन रेघा बसवत गेले.

मार्चअखेर बर्फ कुजला. वाटेत चिखलाची ठिगळं.
कांडीचा उरलेला तुकडा तिनं माझ्या हातावर ठेवला,
"पुढच्या वर्षी मी असेन नसेन," असलं काही म्हणाली नाही.
म्हणाली, "हे उन्हात ठेवू नकोस."

एप्रिलात वोरूकडच्या रस्त्यावर पहिली शर्यत.
चढावर बाकीच्या तोंडं उघडून गेल्या,
माझा श्वास माझ्याजवळच होता.
मग सपाट रस्ता, समोरून वारा,
आणि डावीकडे ते फाटक. उन्हाळ्यात ते रस्त्याला इतकं लागून असेल
हे मला कुठं ठाऊक?
पाय थांबले. मी थांबवले नाहीत.
मागून आनेलीनं शिवी हासडली.
चाक आपलं आपण धावत राहिलं, टिक टिक टिक,
ती लांब, निसरडी जागा डांबरावर आली,
आणि उजवा हात हँडलवरून सुटून कमरेशी.

प्रशिक्षक खूश आहे. दम टिकला, दंडही भरले.
फक्त पडद्यावर एका जागी बोट ठेवून म्हणतो,
"इथं तीन सेकंद गेले. काय झालं होतं?"
मी म्हटलं,
"काही पाठवायचंय का, ते विचारायचं होतं."