तिसरी प्रत

वडगावात माग थांबतात ते करंट गेल्यावरच.
म्हणून माझं रेकॉर्डिंग बुधवारी.
त्या दिवशी लाईनवाले दुरुस्तीला येतात,
खटखट खटखट करणारी अख्खी गल्ली
मधेच बोलायची थांबते,
आणि मी इन्व्हर्टरवर माईक उघडतो.
माझी शांतता आणि माझा धोका
एकाच वायरीतून येतात.

दसऱ्याच्या आधी करंट आला, गेला, आला,
इन्व्हर्टरनं पलटी खाल्ली
आणि टेबलाखालची जुनी डिस्क बोलू लागली.
टक्. टक्. टक्.
मला वाटलं मेट्रोनोम चालू राहिला.
नव्वदच्या लयीत होती, खरं सांगतो.
हात जांघेवर ठेका धरून बसला होता
आणि आत चांगुणामावशीची अकरा गाणी
जात होती.

आता गणपत गल्लीतल्या दुकानात
बसलिंगनं काउंटरवर डबे मांडलेत.
"हे घे की. आठ टीबी. सगळं ह्यात मावतंय बग."
सगळं एकात मावतं, त्याचीच तर भीती.

मला सिस्टीमला एक छोटी एसएसडी पाहिजे,
तिच्यावर गाण्याचा एक कणही ठेवणार नाही.
दुसरी चालू कामाला.
चाळीस ट्रॅक एकदम ओढायला लागलं
की फिरती डिस्क धापा टाकते,
ढोलकीची थाप येते अर्धी
आणि उरलेली अर्धी कुठं जाते देव जाणे.
फिरती घेतो, पण रात्रीच्या नकलेला;
तिला काय, सावकाश फिरू दे.

"रेड लावून देऊ? दोन डिस्कवर एकच."
तो आरसा झाला रे. मी चुकून पुसलं
तर आरशातलं पण पुसलं जाणार.
"मग एकाचेच दोन भाग करतो, मधे लाईन घालून."
लाईन घातली म्हणून डिस्क दोन होत नाहीत, बसलिंग.
पडली तर दोन्हीकडचं पडतंय.
तो हसला नाही. मीही नाही.
मागं कोणीतरी कन्नडमधून चार्जर मागत होतं.

सकाळी मी कन्नड लग्नाची पदं धरतो,
दुपारी खासबागचं भजनी मंडळ.
डिस्कला दोन्ही सारखीच जड:
मिनिटाला सतरा एमबी.

"आणि ही चौथी कशाला?"
ही घरात राहणार नाही.
हिला महिन्याच्या शेवटच्या रविवारी
एसटीनं जांबोटीला न्यायची, बहिणीकडं.
तिकडं पाऊस कागद कुजवतो, भिंती कुजवतो,
म्हणून प्रेमला ती पिशवीत गुंडाळून
तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवते.
परवा फोनवर म्हणाली,
"दादा, एक दिवस चुकून शिजवीन बघ तुझी गाणी."
घर जळलं, चोर आला, छप्पर गळलं,
तरी तांदळात काहीतरी राहील.

बिल झालं सव्वीस हजार.
शैलजानं घरी एवढंच विचारलं,
मिक्सरचं भांडं कधीपासून गळतंय माहीत आहे का.
माहीत आहे. जूनपासून.

चांगुणामावशीकडं गेलो होतो मधे.
कांड्या भरत बसली होती.
म्हटलं, मावशी, ती अकरा परत म्हणाल?
चाक न थांबवता म्हणाली,
"तेच कसं म्हणू?
परत म्हटलं की दुसरंच होतंय."

तिचं काय उरलंय ते रात्री सापडलं,
ठेका जुळवायला कधीतरी कापून
वेगळ्या फोल्डरात टाकलेलं.
गाणी मराठी, पण मोजायची कन्नडमध्ये:
ओंदु, एरडु, मूरु,
मग एक श्वास, लांब, नाकातून,
आणि पहिल्या अक्षराआधी कट.

चार सेकंद. एक एमबीसुद्धा नाही.
चारही डिस्कवर ठेवलंय.

बुधवारी तारा खाली घेणार आहेत, दहा ते चार.
मावशी येते म्हणालीय,
दुसरंच म्हणायला.