आल्याचं घर

नोव्हेंबरच्या दहा तारखेपासून आम्ही घर बांधत होतो
मस्कतच्या हॉटेलात, कारंज्याच्या डाव्या अंगाला.
एकशे ऐंशी किलो आल्याचं बिस्किट,
चुन्याच्या जागी साखरेचा घट्ट पाक,
छपरावर जेलीची कौलं.
बाहेर कुरमच्या किनाऱ्यावर लोक अनवाणी चालत,
आत मी चाळणीनं बर्फ पाडायचो,
दर दोन तासांनी.

माझ्या बिल्ल्यावर ‘शँटी’ लिहिलंय.
शांतवन त्यावर मावलं नाही.

घराला धुराडं होतं, दोन हरणं होती,
टपालपेटी होती, पत्र नसलेली.
रोडेलनं साखरेचं कुत्रंसुद्धा केलं
आणि त्याला गारठा लागू नये म्हणून मफलर.
सगळं नकाशाप्रमाणं.
नकाशात बाळ नव्हतं.
मी विचारलं नाही.
ओव्हरटाइम मिळत होता
आणि सुवार्ताची नर्सिंगची फी जानेवारीत भरायची होती.

राहुरीच्या मिशन कंपाउंडात आमचे पाळक
दर वर्षी बजावून सांगायचे:
नाताळ म्हणजे कापडं नव्हेत, नाताळ म्हणजे फराळ नव्हे.
आणि उपासना सुटली की पहिलं ताट त्यांच्याच घरी जायचं.
करंजी मोडताना ते डोळे मिटत,
आशीर्वादाच्या वेळेपेक्षा थोडे जास्तच.
मी नऊ वर्षांचा असताना
नव्या शर्टाच्या कॉलरमध्ये एक टाचणी राहून गेली होती.
सबंध उपासनाभर टोचत होती मानेला.
ते वर्ष मला त्या टाचणीमुळं आठवतं.
प्रवचन आठवत नाही.

रात्री दोनला खमीस फेरीवर आला,
एका हातात टॉर्च, दुसऱ्यात कॉफीचा थर्मास.
घराभोवती एक चक्कर मारली,
खिडकीतून उजेड टाकून बघितलं,
मग त्याच्या मोडक्या हिंदीत विचारलं,
मरियम किधर है?

म्हटलं, या घरात नाही.

तो तिथंच, कापसाच्या बर्फावर बसला.
आमच्यात सांगतात, म्हणाला,
तिला एकटीला कळा आल्या.
जवळ बाई नाही, माणूस नाही.
खजुराच्या खोडाला धरून ती म्हणाली,
याआधीच मेले असते तर बरं झालं असतं.
मग पायाशी पाणी लागलं
आणि खोड हलवल्यावर वरून पिकले खजूर पडले.
खमीसच्या बापाची रुस्ताकला बाग आहे.
त्यानं असं सांगितलं,
जसं काही ते झाड कुठलं हेही त्याला ठाऊक आहे.

मला गव्हाण ठाऊक. मेंढपाळ, तारा, ज्ञानी लोक ठाऊक.
एकदा मी स्वतःच मेंढपाळ झालो होतो, घोंगडी घेऊन.
कळांचं कुणी बोललं नव्हतं.
सुवार्ता झाली तेव्हा मी इथंच होतो,
पेस्ट्रीच्या थंड खोलीत, फोन कानाला.
अलीशिबाचा ओरडा आला, मग लाइन गेली.
परत लागेपर्यंत मी दोनशे टार्टवर
स्ट्रॉबेरी ठेवल्या, एक-एक,
टोक वर करून.

खमीसनं खिशातून तीन खजूर काढले.
आल्याच्या दारातून हात घालून आत ठेवले.
कॅमेऱ्यात दिसेल, मी म्हटलं.
कॅमेरा मीच बघतो, तो म्हणाला.

चोवीसला सुटायला साडेअकरा झाले.
रुवीच्या चर्चच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती.
लाउडस्पीकरवर मल्याळम, मला न कळणारं,
फक्त येशूचं नाव मधूनमधून सापडायचं,
गर्दीत ओळखीचा माणूस दिसावा तसं.
शेजारच्या पोरीनं आईला विचारलं असावं,
कारण तिनं माझ्या बाहीचा वास घेतला नि हसली.
दोनदा साबण लावला होता. आलं गेलं नव्हतं.

सव्वीसला घर मोडलं.
काळ्या पिशव्या, बावीस भरल्या.
कुत्रं रोडेलनं ठेवून घेतलं, का कुणास ठाऊक.
दाराची भिंत मी काढली.
आत दोन खजूर होते
आणि एक बी, स्वच्छ चोखलेली.
कुणाचा तरी हात आत पोचला होता,
लहान असणार.

दोन राहिलेले आम्ही उभ्याउभ्याच खाल्ले,
एक त्यानं, एक मी.
जरा कडक झाले होते.
लॉबीत माणसं नव्या वर्षाचे फुगे घेऊन आली
आणि म्हणाली, बाजूला व्हा.