बाराच्या जागी सात

जुन्या बाजारात, गंजक्या पान्यांच्या ढिगाशेजारी
तबकडी मिळाली. साठ रुपये.
विकणारा म्हणाला, "इंग्लिश बाजा आहे ताई, भजन नाही,
नंतर परत आणायची नाही."
लेबल ओलीनं खाल्लेलं. उरला होता 'जिग' हा शब्द
आणि एक आकडा, ज्याचं शेवटचं अक्षर
तीन की आठ, अजून ठरलेलं नाही.

घरी लावली. एकटं फिडल,
मागे कुणाच्या तरी बुटाचा ठेका.
धा धी ना, धा ती ना
म्हणजे आपला दादराच की,
फक्त गाडी चुकेल या भीतीनं निघालेला.
चढताना शुद्ध निषाद, उतरताना कोमल,
खमाजानं रस्त्यात मान हलवावी
आणि न थांबता निघून जावं, तसं.
तिसऱ्या ओळीत सुई एका चऱ्यावरून उडी मारते.
मी चऱ्याला नावं ठेवली.

मग दोन वर्षं. बँकेतून सुटल्यावर, जेवण झाकून ठेवून,
कुणी वाजवलं, कुणी उतरवून घेतलं, कुणाकडून.
डब्लिनच्या एका ग्रंथपाल बाईंनी
जुन्या वहीचं पान पाठवलं: तपकिरी शाई,
पाच रेघांवर बसलेले स्वर, तारेवरच्या चिमण्यांहून शिस्तीत.
माथ्यावर दोन शब्द. मी वाचले:
गान अनाम.
वाटलं, बाई मराठी शिकल्या की काय!
त्यांनी कळवलं, उच्चार थोडा वेगळा आहे,
पहिल्या शब्दाचा अर्थ 'विना', दुसऱ्याचा 'नाव'.
अशी शेकडो पडली आहेत आमच्याकडे.
त्या रात्री मला
चुकीच्या गल्लीतून आपल्याच दारात पोचल्यासारखं झालं.

आणि खडकी.
शांतवन उजगरे, क्लॅरिनेट, वय एक्याऐंशी,
बँड बंद होऊन अठरा वर्षं,
गणवेशाची पितळी बटणं बिस्किटाच्या डब्यात.
त्यांच्या वडिलांची, बार्णबांची, वही.
देवनागरीत सरगम, लाल पेन्सिलीनं सम:
'खडकी दादरा नं. ७. नवरा उतरताना.'
तेच! तोच निषाद, जाताना एक, येताना एक.

माझ्या डोक्यात लगेच पलटण उभी राहिली,
कुणी आयरिश पोरगा, छावणीतली संध्याकाळ, ओठाला बासरी.
निबंधाचं पहिलं वाक्यही मी लिहून टाकलं:
'अठराशे ऐंशीच्या सुमारास...'

मग पेरांवर मात्रा मोजल्या.
तिसरी ओळ. बाराच्या जागी सात.
पुन्हा मोजल्या. सात.
इतरत्र खाडाखोड आहे वहीत, इथं नाही,
इथं अक्षर अगदी ठाम.

घरी आले, चपला न काढता तबकडी लावली.
चऱ्यावर सुई उडाली
आणि पाच मात्रा घेऊन गेली. नेमक्या पाच.
शिपाई नव्हता. बासरी नव्हती.
हीच तबकडी होती, हाच चरा,
आणि भोंग्यात जवळजवळ डोकं घालून बसलेले बार्णबा,
ऐकू येईल ते सगळं खरं मानणारे.
वाक्य खोडलं. खरं सांगायचं तर
डोळे भरले, आणि हसूही आवरेना.

पुढच्या रविवारी उजगऱ्यांना
डब्लिनचं पान व्हायोलिनवर वाजवून दाखवलं,
पुरं, बाराच्या बारा.
ते बशीच्या कडेवर बोट आपटत होते.
तिसऱ्या ओळीत बोट माझ्याआधीच समेवर येऊन थांबलं.
"हे लांबलं," म्हणाले.
मी समजावलं. चरा, सुई, गेलेल्या पाच मात्रा.
ऐकून घेतलं त्यांनी, चहा संपेपर्यंत.
"बोपोडी, दापोडी, औंध," म्हणाले,
"चाळीस वर्षं नवरे उतरवले यावर.
सातव्याला घोडा पाय उचलायचा, न सांगता.
तुमच्या बारात त्यानं पाय कुठं उचलायचा?"

मी वही उघडली. आवृत्ती क्रमांक तीन.
नावाचा रकाना मोकळा ठेवला.
पुढच्या रकान्यात 'चूक' लिहावं की 'पाठभेद',
बस येईपर्यंत ठरलं नाही.
पाय मात्र थांब्यावर
सातच मोजत होता.