सात नंबरचा खोका

रुवीत शुक्रवारी दुपारी
डोंगरसुद्धा सावली शोधतात.
खाली पार्किंगमध्ये चेंडूला हात लावला तर चटका,
म्हणून सगळी पोरं आमच्या हॉलमध्ये.

माझ्या ओढणीचा पडदा. तिकीट एक खजूर.
जोबिनच्या घरचं सामान निघालंय कोट्टयमला,
बाबाचा व्हिसा महिनाअखेरपर्यंतच.
कार्गोचे खोके त्यानंच आणले :
तीन नंबरचा उंट, सात नंबरचा महाल.
"सातला परत द्या हं, आई भांडी भरणारे."

नाटक सावली विकणाऱ्या राजाचं.
हानियाला तलवार हवी. गोट्याला मरायचंय,
तेही दोनदा.
झाड मात्र कुणालाच नको.
शेवटी यहया म्हणाला, मी होतो,
पण झाड अरबीत बोलणार, ते इथलं आहे ना.
कुणाला काही सुचेना यावर.
मग स्वानंदीनं झाडाची वाक्यं वहीत उतरवली,
अरबी, देवनागरीत.
(तीन वर्षं मी तिच्या मागे लागलेय त्या विषयासाठी.)

माझ्याकडे एसीचा रिमोट :
राजा चिडला की बंद, सावली मिळाली की चालू.
हेरंब प्रेक्षक.

सावली घ्यायला एक माणूस येतो.
स्वानंदीच. हेरंबचा शर्ट, गळ्यात त्याचं ओळखपत्र.
एक बूट काढते. दुसरा खूप वेळानं.
उंटावर बसून फोन बघते.
हानिया काहीतरी विचारते.
"उद्या बघू."
सगळे हसले. हेरंबही हसला,
आणि फोन हळूच उशीखाली सरकवला.

शेवटी राजानं महाल सोडायचा होता.
जोबिन खोक्यातून बाहेरच येईना.
फ्रिजमागून गोट्याचं प्रॉम्प्टिंग, सगळ्यांना ऐकू जाईल असं :
"ऊठ ना! तुझं संपलं!"
आतून आवाज आला,
"राजाला अजून थोडं राहायचंय."
हे वहीत नव्हतं.

यहया दोन पावलं पुढे आला,
हात पसरून खोक्यावर वाकला.
"झाडं चालत नाहीत!" गोट्या ओरडला.
"हे चालतं," यहया म्हणाला.
मराठीत.
कधी शिकला कोण जाणे, इथेच कुठेतरी,
भांडता भांडता.

एसी चालू करायचं मी विसरले.
कुणी आठवणही केली नाही.

सातला जोबिनची आई आली.
महालात कुकर गेला, पुट्टूचं भांडं गेलं,
वर जुनी वर्तमानपत्रं, मग टेप.
खोक्याला आतून, तळाशी,
स्केचपेननं काढलेली एक खिडकी आहे.
तिला सांगितलं नाही मी.