मोका तपासणी

माणूस बांधावर उभा करायचा.
हातात पाटी : नाव, गट नंबर, तालुका आटपाडी.
मागं ठिबकची नळी दिसली पाहिजे
आणि मोबाईलला आभाळ दिसलं पाहिजे,
त्याशिवाय अक्षांश-रेखांश पडत नाहीत.
मी म्हणते, "काका, जरा इकडं बघा."
काका बघत नाहीत.
मान वाकडी करून पाटी सरळ आहे का ते बघतात.

पाच गावं माझ्याकडं, एक स्कूटी,
आणि मोबाईलमध्ये एकशे बेचाळीस माणसं
अशी पाट्या धरून उभी.
कुणी त्यांना अजून बसा म्हटलेलं नाही.

यशोदा हाके यांचा फोटो दोन वर्षांपूर्वीचा.
तेव्हा डाळिंबं त्यांच्या गुडघ्याला लागत होती.
मग तेल्या आला, बाग काढली,
नळ्या गुंडाळून गोठ्याच्या माळ्यावर गेल्या.
परवा वरून विचारणा आली :
फोटो अस्पष्ट, नव्याने सादर करावा.
बाईंनी नळ्या खाली काढल्या, झटकल्या,
उंदरानं कुरतडलेला तुकडा बाजूला ठेवला
आणि मोकळ्या रानात एकेक ओळ अंथरली,
झाडाच्या जागी झाड धरून, अंतर मोजून.
"झाडं न्हाईत गं बाई. झाडांचा रकाना हाय का त्यात?"
नव्हता.
मी फोटो काढला. या वेळी स्पष्ट आला.

रमजान मुलाणी पंक्चरचं दुकान उघडायच्या आधी
मोबाईलवर अर्जाची सद्यस्थिती बघतात,
दुसरी माणसं राशिभविष्य बघतात तशी.
"मॅडम, 'छाननी' गेलं, 'प्रक्रियेत' आलंय. बरं का वाईट?"
मला माहीत नाही.
बरं, म्हणते.
मार्चअखेर पैसा येतो म्हणतात.
येतोही. वळवासारखा,
बांधापलीकडच्या तालुक्यात.

यादीत सत्त्याण्णव नंबरला
बिरू दादू मेटकरी. माझे वडील.
फोटो मीच काढलाय, पाटीवरचं अक्षरही माझं.
त्या दिवशी आण्णांनी धुतलेली टोपी घातली होती
आणि मला "मॅडम" म्हणाले,
सरपंचाचा भाऊ शेजारी उभा होता म्हणून.
दोन उन्हाळे गेले.
एकदाही विचारलं नाही त्यांनी.
मला वाटायचं, लेकीची अडचण ओळखतात.
आई म्हणाली, "विचारलं तर तू खोटं बोलशील.
ते त्यास्नी ऐकायचं न्हाई."

त्यांचा नंबर मी वर ढकलू शकत नाही.
ढकलता आला असता तर काय केलं असतं,
हे रात्री एकदा मनाला विचारून बघितलं
आणि उत्तर यायच्या आत कूस बदलली.

काल जेवताना त्यांनी विचारलं ते भलतंच :
"तुजा प्रवासभत्ता आला का?"
चौदा महिने झाले. कृषी सहायक, पेट्रोल पदरचं.
"प्रक्रियेत आहे," मी म्हणाले,
आणि माझाच आवाज मला
खिडकीच्या आतल्या बाजूनं ऐकू आला.
आण्णांनी भाकरीचा तुकडा आमटीत तसाच धरला.
"पाटी धरून उभी ऱ्हायली हुतीस का?"
मग हसले. ठसका लागेपर्यंत हसले.
आईनं तांब्या पुढं सरकवला,
मला की त्यांना, नीट कळलं नाही.

सकाळी साडेसहाला फोन.
यशोदाबाई.
"बाई, नळ्या गुंडाळू का असूद्यात?"
असू द्या म्हणावं, तर ट्रॅक्टरवाला आज आलाय,
नांगरट करून घ्यायचीय.
गुंडाळा म्हणावं, तर पुन्हा विचारणा आली म्हणजे?
मागं ट्रॅक्टर चालूच होता.
डिझेल जळत होतं, ऐकू येत होतं मला,
"हॅलो, बाई? हॅलो?"