टपालाचं इंजिन

रिव्हर्टनला जूनमध्ये पाचलाच अंधार पडतो.
शेडमध्ये एक बल्ब, एक रॉकेलचा हीटर
आणि बाबांची हिरवी गाडी.
दोन माणसं, एक पिशवी,
आणि पिशवीतही फार काही नको, एवढीच तिच्यात जागा.
बाबा तिला 'पोर' म्हणायचे. माझ्यासमोर.

बाबा गेले त्या हिवाळ्यात तिचं इंजिन फुटलं.
ब्लॉकला भोक. त्यातून शेडची फरशी दिसायची.
बाहेर गवतात आईची स्टेशन वॅगन उभी,
गंज खिडक्यांपर्यंत चढलेला,
पण किल्ली फिरवली की पहिल्या हाकेला ओ.
तीस वर्षं तिनं या रस्त्यांवर टपाल वाटलं.
आठ सिलिंडर, आणि तिसऱ्या गिअरच्या वर क्वचितच:
पेटी, थांब. पेटी, थांब. कुत्रा, थांब. पेटी.

बसेल, लॅकी गेडिस म्हणाला.
लॅकीनं जन्मभर लोकर कातरायची यंत्रं दुरुस्त केली,
त्याला सगळंच बसेल असं वाटतं.
टेप लावली. चार सेंटीमीटर कमी.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणे;
आम्ही अंथरूणच कापलं.
गरम हवेची पेटी काढली, बॅटरी डिकीत नेली,
स्टिअरिंगच्या दांड्याला दोन सांधे देऊन वळवलं,
तरी बॉनेट मिटेना,
तेव्हा त्यालाही भोक पाडून
वर केकचा डबा उपडा ठोकला.

हृदय बदलतोय आपण, मी म्हणाले.
लॅकीनं हात पुसले.
'हृदयाला गॅस्केट नसतं, इश्बेल.
अर्धा इंची पाना दे.'

मग वजन. गल्लीतून बाथरूममधले आठ काटे मागून आणले,
प्रत्येक चाकाखाली दोन, वर फळी.
मिस टलॉकनं बजावलं,
काट्याच्या पोटात जुना आकडा असेल, तो वाचू नकोस.
पुढे ऐंशी किलो जास्त.
नाक खाली,
रस्त्यात पडलेलं नाणं शोधत असल्यासारखी.

तपासायला रावीरी आला.
वीस मिनिटं गाडीखालून त्याचे फक्त बूट दिसत होते.
ओठात एक, पोटात एक अशी ही गाडी,
मला वाटलं तो तेच म्हणेल.
तो म्हणाला, 'धावायला शिकवलंत.
थांबायला कोण शिकवणार?'
ब्रेक जुनेच होते. बशीएवढे.
नापास लिहून गेला,
जाताना केकच्या डब्यावर टिचकी मारून हसला.

आई दारात उभी होती, चहा घेऊन, किती वेळ कोण जाणे.
'माझे घ्या की,' म्हणाली.
'इंजिन हवं का, ते विचारलंत.
ब्रेकचं कुणी विचारलंच नाही.
आणि सगळं काम तर त्यांनीच केलं होतं.'

ते बसवायला सप्टेंबर उजाडला.
लॅकीनं आठ वेळा शिव्या दिल्या, मी मोजल्या.

आई शेजारी बसली. गुडघे डॅशबोर्डला टेकलेले,
टोपी मांडीत दाबून धरलेली.
बाबा होते तोवर ती हिच्यात कधी बसली नाही.
का, ते मी विचारलं नाही;
तेवढीशी तर जागा.

ओरेपुकीच्या सरळ रस्त्यावर मी पाय दाबला.
कुरणातल्या मेंढ्यांनी एकदम माना वर केल्या
आणि तेव्हा कळलं
तीस वर्षं हे इंजिन काय काय गिळून बसलं होतं.
थंडीनं डोळ्यांतून पाणी. आईच्याही,
थंडीनंच असेल.
तिचा पाय फरशी दाबत होता,
जिथे पेडल नव्हतं तिथे.

मग डाव्या हाताला एक पेटी आली,
दुधाच्या जुन्या कॅनची, लाल झेंडा वर केलेली.
आईचा हात बाहेर गेला. रिकामा.
मी वेग कमी केला.
म्हणजे, मला वाटतं, मीच केला.